कॅरिबियनमध्ये स्कूबा डायव्हिंगला जाताना: चोरी, फसवणूक आणि स्वतःची सुरक्षितता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानात डायव्हिंग शिकून पुढे कॅरिबियन समुद्राकडे वळणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे. अमेरिकेत राहणारी आपली कुटुंबं तर सुट्टीत मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर किंवा डच कॅरिबियनमधल्या बोनेअरला सहज जातात. प्रवाळ, प्रवाह, सुसरी-शार्क यांबद्दल सगळे विचारतात. गाडी, पाकीट आणि पासपोर्ट यांबद्दलचे प्रश्न मात्र काहीतरी घडल्यावरच येतात. ते आधीच विचारले जावेत, म्हणून हे पान.

कॅरिबियन धोकादायक आहे का?

‘कॅरिबियन’ असा एकच प्रदेश धरून या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. बोनेअर आणि केमन बेटांवर हिंसक गुन्हे कमी आहेत, तिथे त्रास होतो तो भुरट्या चोरीचा. हैतीला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चौथ्या, म्हणजे ‘जाऊच नका’ या श्रेणीत ठेवलं आहे. ही श्रेणी बहुतेक वेळा अख्ख्या देशाला दिलेली असते, हेही लक्षात घ्या. होंडुरास वाचून लोक घाबरतात, पण ती भीती मुख्यतः तेगुसिगाल्पा आणि सान पेद्रो सुला या मुख्य भूमीवरच्या शहरांमुळे आहे. रोआतान बेटावरचा प्रश्न वेगळा: रात्रीचा निर्मनुष्य किनारा आणि खोलीतली चोरी. बेलीझमध्येही तसंच. बेलीझ सिटीच्या दक्षिण भागातल्या टोळ्यांमुळे तिथे अनेकदा आणीबाणी लागू झाली आहे, पण डायव्हर जातात ते अँबरग्रिस की आणि की कॉकर या बेटांवर. म्हणून सूचना वाचताना देशाच्या नावावर थांबू नका. खाली त्या बेटाचं किंवा प्रांताचं नाव काढून काय लिहिलंय ते बघा.

मुक्कामाचं शहरही नीट निवडा. जोडविमान चुकून सान पेद्रो सुला किंवा बेलीझ सिटीत रात्र काढायची वेळ आली, तर विमानतळाजवळचं हॉटेल घ्या आणि त्यांचीच गाडी बोलवा. ‘एक रात्र आहे, शहर बघून येऊ’ हा मोह टाळा.

डायव्हरना नेमकी कोणती चोरी सर्वांत जास्त भोगावी लागते?

किनाऱ्यावर उभ्या केलेल्या भाड्याच्या गाडीतली. यात बोनेअरचं नाव आधी येतं, कारण तिथलं डायव्हिंगच गाडीवर चालतं. पिकअपच्या हौद्यात सिलिंडर टाकायचे, रस्त्याकडेचा पिवळा दगड बघून थांबायचं (त्यावर डाइव्ह साइटचं नाव रंगवलेलं असतं) आणि तिथूनच पाण्यात उतरायचं. शेजारच्या कुरासाव बेटाच्या किनाऱ्यांवरही हाच प्रकार चालतो.

चोराला यात काय सोपं जातं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतील. हौद्यात सिलिंडरच्या दोन जागा रिकाम्या आहेत, दोन जोडी चपला सीटखाली आहेत, टॉवेल आरशाला लटकतोय. म्हणजे दोन माणसं पाण्याखाली आहेत, निदान पन्नास मिनिटं वर येणार नाहीत आणि आली तरी पाठीवर वीस किलो घेऊन, फिन हातात धरून, दगडांवरून अडखळत येणार. शहरातल्या पाकीटमाराला इतकी खात्रीची वेळ कधीच मिळत नाही. तुमची गाडीच त्याला तुमचं वेळापत्रक सांगते.

मग गाडी लॉक करून जायचं की उघडी ठेवून?

बोनेअरवर रूढ असलेला सल्ला आपल्याला विचित्र वाटतो: गाडीत काहीही ठेवू नका, काचा खाली करा, दारं उघडी ठेवा. चोर येतो, डॅशबोर्डचा कप्पा उघडतो, सीटखाली हात घालतो, मागचा कोपरा चाचपतो आणि काही नाही म्हणून निघून जातो. दार लॉक असेल तर आत काहीतरी असणार असं समजून तो काच फोडतो. मग काचेचा खर्च तुमच्या माथी आणि अर्धा दिवस गाडी बदलण्यात.

यात दोन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे लोक दारं उघडी ठेवतात, पण ‘फक्त’ फोन सीटच्या फटीत दडपतात. ती फट चोराला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. दुसरी चूक अशी, की बोनेअरचा सल्ला लोक जसाच्या तसा दुसऱ्या बेटावर वापरतात. काही गाडीवाल्यांच्या करारात गाडी लॉक करण्याची अट असते आणि ती मोडली तर विमा लागू होत नाही. चावी हातात घेतानाच विचारा, “डाइव्ह साइटवर दारं उघडी ठेवायची की लॉक करायची? काच फुटली तर पैसे कोण भरतं? सुटं चाक आणि बॅटरी विम्यात आहेत का?” उत्तर करारावर लिहून घ्या.

गाडी उभी करण्याआधी जमीन बघा. फुटलेल्या गाडीच्या काचेचे तुकडे खडीसाखरेच्या खड्यांसारखे, हिरवट झाक असलेले दिसतात. वाळूत असे खडे विखुरलेले दिसले, तर तिथे याआधी चोरी झाली आहे. पुढच्या पिवळ्या दगडाकडे चला.

गाडीत काहीच ठेवायचं नाही, तर चावी, पैसे आणि फोन कुठे ठेवायचे?

चावी स्वतःसोबत पाण्यात न्यायची. बटण असलेली बॅटरीची चावी खाऱ्या पाण्यात मरते, म्हणून गाडी घेतानाच साधी धातूची चावी मागा. ती बोल्ट-स्नॅपने (खटक्याच्या धातूच्या हुकाने) बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जाकिटाच्या, खिशातल्या रिंगला अडकवा. नुसती खिशात टाकू नका, कारण खिशातून मार्कर बोया (पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा) काढताना चावी बाहेर येते आणि खाली जाते. चाकावर, बंपरखाली किंवा ओळखीच्या दगडाखाली चावी लपवणं सर्वांत वाईट. तुम्ही वाकून ती ठेवत असताना झाडीत बसलेला माणूस तेच बघत असतो.

पैसे: सिलिंडर आणि जेवणापुरती रोकड, तीही जलरोधक डबीत सोबत. बोनेअरवर २०११ पासून चलन अमेरिकन डॉलरच आहे, त्यामुळे चलन बदलण्याचा खटाटोप नाही.

फोनचा पेच मात्र खरा आहे. अपघात झाला तर फोन हवाच आणि गाडीत तो ठेवता येत नाही. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पारदर्शक पिशवी पोहण्यापुरती असते. डाइव्हच्या खोलीवर आतली हवा दाबली जाते, कडा सुटतात आणि फोन भिजतो. त्याऐवजी ओ-रिंग (झाकणाची रबरी कडी) असलेली, निदान ४० मीटरला तपासलेली कडक डबी घ्या आणि तिच्यात स्थानिक सिमचा स्वस्त बटणांचा फोन ठेवा. पहिल्या डाइव्हला आत फोनऐवजी टिश्यू पेपर घाला. वर आल्यावर तो कोरडा असेल तरच फोन ठेवा. ओ-रिंगवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरतं, त्यामुळे दर वेळी बोट फिरवून बघा. चार जण असाल तर याहून चांगला मार्ग आहे. दोघं पाण्यात, दोघं सावलीत, मग अदलाबदल. काठावर फोन, ऑक्सिजन आणि माणूस तिन्ही राहतात.

डायव्हिंगचं सामान चोरीला जातं का?

जातं, आणि बहुतेक वेळा रात्री. दिवसभर वापरलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र), टॉर्च आणि वेटसूट खोलीच्या गॅलरीत वाळत टाकायची सवय सगळ्यांना असते. तळमजल्याची गॅलरी असेल तर ते सामान रस्त्यावर ठेवल्यासारखंच आहे. वेटसूट बाहेर राहू द्या. रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर, टॉर्च आणि कॅमेरा न्हाणीघरात वाळवा. पिकअपच्या हौद्यात रात्रभर काहीही नको.

डाइव्ह केंद्राच्या सामानखोलीला कुलूप आहे का, चावी कोणाकडे असते, रात्री राखण आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणखी एक बारीक गोष्ट. अनेक रिसॉर्टमध्ये सामानाच्या क्रेटवर खोलीचा क्रमांक खडूने लिहितात. म्हणजे क्रेट रिकामा दिसला की अमुक खोलीतली माणसं समुद्रात आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. क्रमांकाऐवजी नावाची अक्षरं लिहायला सांगा. कोणी नाही म्हणत नाही.

निघण्याआधी घरीच रेग्युलेटरचा फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडला जाणारा भाग), कॉम्प्युटर, बीसीडी आणि कॅमेरा यांवरचे अनुक्रमांक जवळून टिपा आणि खरेदीच्या पावत्यांसोबत ईमेलवर ठेवा. पोलिस तक्रारीत ‘काळा रेग्युलेटर’ लिहून काही हाती लागत नाही. क्रमांक असेल तर विम्याचं कामही पुढे सरकतं.

खोलीतली तिजोरी विश्वासाची असते का?

आधी ती हलवून बघा. भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने जखडलेली नसेल, तर चोर तिजोरीसकट जातो. मग तुमचा आकडा लावून बंद करा आणि ०००००० किंवा १२३४५६ दाबून उघडते का ते पाहा. कारखान्यातून आलेला मास्टर आकडा बदलायचा काही ठिकाणी राहून गेलेला असतो. उघडली तर स्वागतकक्षात सांगा आणि मौल्यवान वस्तू तिथल्या मोठ्या तिजोरीत पावती घेऊन ठेवा.

मंगळसूत्र, बांगड्या, सोनसाखळी घालून जावं का?

नको. बंदरालगतची गर्दी, बाजार आणि रात्रीचा रस्ता इथे गळ्यातली चमक लांबून दिसते. हिसका मारला की दागिन्याबरोबर गळाही दुखावतो. पाण्यातही अडचणच आहे. वेटसूटची मान काढताना साखळी अडकून तुटते आणि बोटीच्या पायरीवरून सरळ खाली जाते. थंड पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सैल होऊन निसटते. ज्यांना मंगळसूत्र काढायचं नाही त्यांनी दोऱ्यात ओवलेले साधे काळे मणी घालावेत. सोनं घरीच राहू द्या, हॉटेलच्या तिजोरीतही नको.

कार्ड आणि एटीएमबद्दल काय काळजी घ्यायची?

भारतीय कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो. बँकेच्या अॅपमधून तो सहलीपुरता सुरू करा आणि एटीएम, दुकान, ऑनलाइन या तिन्हींची मर्यादा वेगवेगळी लावा. ऑनलाइन परदेशी व्यवहार बंदच ठेवा. आपल्याला ओटीपीची सवय असल्यामुळे ‘ओटीपीशिवाय कोण पैसे काढणार’ असं वाटतं, पण परदेशी दुकानदार अनेकदा ओटीपी न विचारता कार्डावर रक्कम घेऊ शकतो. मर्यादा हेच तुमचं कुंपण.

एटीएम बँकेच्या आतलं वापरा, दिवसा. रस्त्यावरच्या किंवा किराणा दुकानातल्या यंत्रात कार्ड घालण्याच्या खाचेला बोटांनी हलवून बघा. वरून चिकटवलेला भाग डुगडुगतो. कोझुमेल आणि प्लाया देल कार्मेनला तर हे आवर्जून करा. गैरवापर दिसला तर लगेच बँकेला कळवा. त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीत तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार ग्राहकावर जबाबदारी येत नाही. उशीर झाला की ती वाढत जाते. दुसरं कार्ड दुसऱ्या बॅगेत ठेवा, दोन्ही एकाच पाकिटात नकोत.

टॅक्सी, स्कूटर आणि जेट-स्की?

कोझुमेलला टॅक्सीला मीटर नसतो. भाडं ठरलेलं असतं, पण बसण्याआधी आकडा आणि चलन दोन्ही बोलून घ्या. ‘दोनशे’ म्हणजे पेसो की डॉलर हा वाद उतरल्यावर जिंकता येत नाही. जमैकात परवानाधारक टॅक्सीची पाटी लाल असते, टोबॅगोत टॅक्सीचा क्रमांक ‘एच’ने सुरू होतो.

स्कूटर घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, त्यात जुने ओरखडे आणि पेट्रोलचा काटा दिसू द्या. पासपोर्ट तारण म्हणून मागितला तर दुसरं दुकान बघा.

बहामाजमध्ये नासाऊ आणि पॅराडाइज आयलंडच्या किनाऱ्यावर स्वतंत्रपणे फिरणाऱ्या जेट-स्कीवाल्यांपासून लांब राहा. त्यांच्याकडून पर्यटक महिलांवर लैंगिक अत्याचार झाले आहेत आणि अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. मुलींना एकटीने अशा जेट-स्कीवर बसू देऊ नका.

एकटी बाई डायव्हिंगला गेली तर?

अनेकजणी जातात आणि जावं. डाइव्ह केंद्र निवडताना मालकाच्या गोड बोलण्यापेक्षा व्यवस्था बघा. बोटीवर चढताना आणि प्रत्येक डाइव्हनंतर नावानिशी हजेरी घेतात का? ऑक्सिजनची बाटली दाखवा म्हटल्यावर लगेच काढून दाखवतात का, की शोधत बसतात? प्रशिक्षकाचा पॅडी किंवा एसएसआय या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थांनी दिलेला क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जो माणूस तुमच्या दोरीच्या टोकाला असणार आहे त्याची एवढी चौकशी करण्यात उद्धटपणा काही नाही.

स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक मोठ्याने बोलला गेला तर खोली बदलून मागा. दाराखाली सरकवायची रबरी पाचर छोटी असते, ती सोबत न्या. पेय तुमच्यासमोर उघडलेलं असू द्या, आणि ग्लास टेबलावर सोडून गेलात तर परत येऊन तो पिऊ नका. डायव्हिंगने शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं, त्यामुळे थोडी दारूही लवकर चढते. चक्कर आणि गुंगी ही डीकंप्रेशन आजाराचीही (वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे झाल्याने होणाऱ्या त्रासाची) लक्षणं असू शकतात. ‘जास्त झाली असेल’ म्हणून झोपवून ठेवू नका, माणूस सोबत ठेवा आणि डॉक्टरला फोन करा.

रोआतानला वेस्ट एंड ते वेस्ट बे हा किनाऱ्याचा रस्ता दिवसा सुंदर आहे. अंधार पडल्यावर तिथून चालत जाऊ नका, बाई असो वा पुरुष. वॉटर टॅक्सीची शेवटची फेरी कधी आहे ते विचारून ठेवा, चुकली तर रस्त्याने टॅक्सी करा.

आपल्याच हातून कायदा मोडला जाऊ शकतो का?

सहज. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा अशा अनेक देशांत लष्करी छापाचे कपडे नागरिकांना चालत नाहीत, लहान मुलांची चड्डीही नाही. मेक्सिकोत ई-सिगारेट नेता येत नाही. टर्क्स आणि कायकोस बेटांवर बॅगेत विसरलेली बंदुकीची एक गोळी सापडली तरी तुरुंगाचं प्रकरण होतं. २०२४ मध्ये काही अमेरिकन पर्यटक याच कारणाने तिथे अडकले. टेक्साससारख्या, बंदुका सर्रास असलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांनी, मित्राची बॅग उसनी घेतली असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटकावेत.

किनाऱ्यावरचं प्रवाळ आणि राणी शंख उचलू नका. किनाऱ्यावर वाहून आलेलं गुंडाळलेलं पुडकं दिसलं तर हात न लावता पोलिसांना सांगा. जमैकात २०१५ पासून थोडा गांजा बाळगणं हा किरकोळ अपराध ठरला असला, तरी तो घेऊन विमानतळावर जाणं गुन्हाच आहे. मेक्सिकोतल्या रस्त्याकडेच्या औषधदुकानातून सुट्या गोळ्या घेऊ नका, त्यांत फेंटॅनिल हे जीवघेणं अमली द्रव्य सापडलं आहे. कानाचे थेंब आणि उलटीच्या गोळ्या घरून न्या.

कोणी धाक दाखवून लुटायला आला तर?

जे मागेल ते द्या. कॅमेऱ्यासाठी झटापट करू नका. हात दिसतील असे ठेवा, खिशात घालण्याआधी सांगा. नंतर पाठलाग नको. एक लहान पाकीट वेगळं ठेवावं, त्यात थोडे डॉलर आणि मुदत संपलेलं कार्ड, तेच पुढे करायचं.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

मेक्सिको, बेलीझ, होंडुरास, केमन आणि बोनेअर इथे ९११ चालतो. जमैकात पोलिसांसाठी ११९, त्रिनिदाद-टोबॅगोत ९९९. डायव्हिंगचा अपघात असेल तर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा चोवीस तासांचा क्रमांक +१-९१९-६८४-९१११. आधी स्थानिक रुग्णवाहिका, मग हा.

चोरीची तक्रार बेट सोडण्याआधीच करा. विमानतळावरून किंवा घरी पोचल्यावर केलेली तक्रार विमा कंपनी सहसा मानत नाही, आणि बऱ्याच पॉलिसींत २४ तासांची अट असते. ‘नोंदवून घेतलं’ एवढ्यावर उठू नका. शिक्क्याची प्रत आणि नोंद क्रमांक हातात घ्या. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत तक्रारीला ‘देनुन्सिया’ म्हणतात, तोच शब्द वापरा. वस्तूंची यादी किंमत आणि अनुक्रमांकांसह आधीच इंग्रजीत टाइप करून न्या, अर्धा वेळ वाचतो. फुटलेल्या काचेचे फोटो गाडी हलवण्याआधी काढा. आणि पॉलिसी वाचा: डायव्हिंग अपघाताचा विमा उपचारांसाठी असतो, चोरी गेलेल्या सामानासाठी वेगळं कलम लागतं. ‘गाडीत दुर्लक्षित ठेवलेलं सामान’ त्यातही अनेकदा वगळलेलं असतं.

पासपोर्ट गेला तर?

बोटीवर किंवा साइटवर मूळ पासपोर्ट नेऊच नका, रंगीत प्रत पुरते. तरीही गेला, तर पोलिस तक्रारीची प्रत घेऊन भारतीय दूतावासाकडे. मेक्सिको आणि बेलीझचं काम मेक्सिको सिटीतून, होंडुरासचं ग्वातेमाला सिटीतून, जमैका आणि बहामाजचं किंग्स्टनहून, त्रिनिदाद-टोबॅगोचं पोर्ट ऑफ स्पेनहून चालतं. घाईत मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, आणि ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. गेलेल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल तर परतीचं तिकीट अमेरिकेमार्गे चालणार नाही, कारण तिथे विमान बदलायलाही व्हिसा लागतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी तर सर्टिफिकेट स्वीकारण्याआधी नव्या पासपोर्टला किती दिवस लागतील ते विचारावं. नाहीतर पुण्या-मुंबईत येऊन व्हिसाच्या रांगेत बसावं लागेल.

इथे डायव्हरला एक जास्तीचं बंधन आहे. पासपोर्ट गेल्याचं दुपारी कळलं आणि तुम्ही सकाळीच दोन डाइव्ह केले असतील, तर संध्याकाळच्या विमानाने दूतावासाकडे धावू नका. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास, डीकंप्रेशन थांबे (वर येताना ठरावीक खोलीवर सक्तीने थांबणं) घेतले असतील तर त्याहून बरंच जास्त, साधारण २४ तास उडायचं नसतं. मेक्सिको सिटी तर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे. ते तास फोन, ईमेल, तक्रार आणि फोटो काढण्यात घालवा. कोझुमेलची वेळ भारताच्या साडेदहा तास मागे आहे, बोनेअरची साडेनऊ, रोआतानची साडेअकरा. म्हणजे तिथे रात्री दहा-अकराला बसलात, तर इथे सकाळ असते आणि घरचे जागे सापडतील.